चुकलं-माकलं सांभाळून घ्या

परवा लिफ्टमध्ये तन्वी भेटली. आमच्या वरच्या मजल्यावर राहते, हिंजवडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एरवी कानातली ती बोंडं न काढता का होईना, "हाय काकू" म्हणते. परवा लहान मुलांना लिफ्टमध्ये एकटं सोडू नये, ही सूचना वाचत उभी राहिली. सोसायटीने ती आठ वर्षांपूर्वी लावली आहे आणि तिच्यात तेव्हापासून नवीन काही आलेलं नाही. मी विचारलं, "बरं नाही का गं?"

"अप्रेझल झालं, काकू."

"मग?"

"मॅनेजर म्हणाला, यू आर डुइंग फाइन. बस, एवढंच. वर्षभर मी मरमर काम केलं आणि फाइन! म्हणजे नक्की काय समजायचं मी?"

तेवढ्यात माझा मजला आला. उत्तर मला येत होतं. एके काळी याच उत्तराचे मी दिवसभराचे वर्ग घेत असे. पण दार धरून ठेवून ते सांगण्याइतका उत्साह आता राहिलेला नाही. "होईल गं नीट," असं काहीतरी पुटपुटले आणि घरात आले.

चैत्र लागला की वारज्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी नऊलाच कोमट यायला लागतं. गुरुवारी वीज जाते. रस्त्याच्या कडेला कलिंगडाच्या गाड्या लागतात, कोपऱ्यावरच्या बहाव्याला पिवळे घोस दिसायला लागतात. आणि कंपन्यांच्या बसमधून उतरणारी माणसं, साहेब आपल्याबद्दल काय म्हणाला ते चेहऱ्यावर घेऊन घरी येतात. आंब्याचा हंगाम असतो, परीक्षांचा असतो, तसा पुण्यात गेली पंचवीसेक वर्षं हाही एक हंगाम आहे. मी त्यावर संसार चालवला. तेव्हा या दिवसांत काम करून थकायचे. आता काही न करता थकते.

शाळेतली नोकरी सोडली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. इंग्रजी शिकवायचे. दोन हजार सालाचं ते संगणकांचं संकट आलं तसं गेलं होतं आणि शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारती उठत होत्या. त्या इमारतींमध्ये हुशार मुलं भराभर साहेब होत होती. सव्विसाव्या वर्षी हाताखाली दहा माणसं. पण त्या दहा माणसांशी बोलायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ते शिकवायला बाहेरची माणसं लागायची. मी त्यातली एक झाले. कार्ड छापलं, त्यावर 'कम्युनिकेशन ट्रेनर' लिहिलं. आमच्या ह्यांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तू लोकांना गोड बोलायला शिकवणार? अरे देवा." नातेवाइकांना स्वतंत्र व्यवसाय म्हणजे काय ते कळेना. नणंद विचारायची, "म्हणजे आता घरीच असतेस ना? मग गौरीच्या हळदीकुंकवाला लवकर ये डाळ वाटायला."

स्वतंत्र कामात एक गंमत असते. वर साहेब नसतो, म्हणून सुरुवातीला हलकं वाटतं. पुढे लक्षात येतं की तुमचं अप्रेझल करायलाच कुणी नाही. फोन वाजला तर आपण बरे, नाही वाजला तर नाही. कुठे चुकलं ते कुणी सांगत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला बोलावतात, एवढंच. मीही कितीतरी वर्षं फोनकडे बघत काढली आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये माझा मुख्य विषय असायचा 'फीडबॅक'. हाताखालच्या माणसाला त्याच्या कामाबद्दल कसं सांगावं. त्याची एक ठरलेली रीत आहे : आधी चांगलं सांगा, मग सुधारायचं सांगा, शेवटी पुन्हा चांगलं सांगा. याला त्या धंद्यात सँडविच म्हणतात. मी फळ्यावर ब्रेडचे दोन काप काढून दाखवायचे, लोक हसायचे. आमच्या घरी मात्र मधली चटणी तेवढी वाढायची पद्धत होती.

नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. तोंडावर कौतुक करायचं नाही, हा तिथला नियम. मूल बिघडतं. आणि आपल्या माणसाचं परक्यांसमोर तर मुळीच नाही. एका वर्षी मी संस्कृतात शाळेत पहिली आले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका आईला म्हणाल्या, "किती हुशार हो तुमची!" आई म्हणाली, "कसलं काय! घरात मिठाची बरणी कुठली ते ठाऊक नाही हिला." मग त्या बायकांनी म्हणायचं असतं, "नाही हो, गुणी आहे पोर." त्या म्हणाल्या. आईने मान डोलावली आणि मला न विचारता आंब्याच्या डाळीची दुसरी वाटी माझ्या हातात दिली. माझं कौतुक झालं होतं. ते मला कळलं, आईला कळलं, बायकांनाही कळलं. इतकं चोख संभाषण मी पुढे कुठल्याही वातानुकूलित खोलीत पाहिलं नाही.

त्या सगळ्या चैत्रांपैकी एकच माझ्या मागे लागून राहिला आहे, आणि तो प्रज्ञाचा आहे.

काम वाढलं तशी मी हाताशी माणूस शोधत होते. एका संगणकाच्या क्लासमध्ये ती शिकवायची. तेव्हा सत्ताविशीची असेल. दांडेकर पुलाजवळ राहायची, वडील पोस्टात. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "आवाज इतका स्वच्छ कसा गं तुझा?" ती म्हणाली, "घरी सकाळी बुद्धवंदना झाली की बाबा आम्हा दोघी बहिणींना एकेक उतारा मोठ्याने वाचायला लावायचे. पार शेजारच्या गल्लीत ऐकू गेला पाहिजे असा." मला ते आवडलं. 'बरं, सोमवारपासून ये' म्हणाले. आवडलं, हे नाही म्हणाले.

हिंजवडीच्या ज्या कंपनीत आम्ही शिकवायचो, तिची बस सकाळी सातच्या आत स्वारगेटवरून सुटायची. लग्नानंतरही नारायण पेठेतच राहायचो आम्ही, वारज्याला पुढे आलो. मी रिक्षाने यायचे, तोवर ती येऊन दोघींची जागा धरून बसलेली असायची. एस.टी.चे भोंगे, कंडक्टरांच्या हाका, इडलीवाल्याच्या डब्याची वाफ, आणि खिडकीशी ही, मांडीवर त्या दिवसाच्या वर्गातल्या माणसांची यादी घेऊन नावं पाठ करते आहे. तीस नावं. वर्गात पाऊल टाकल्यापासून ती प्रत्येकाला नावाने हाक मारायची. अठरा वर्षं शाळेत शिकवून मला ते कधी सुचलं नव्हतं.

माझी एक पद्धत होती. ती वर्ग घेताना मी मागे बसायचे आणि कागदाच्या चिठ्ठीवर चुका लिहायचे. परतीच्या बसमध्ये ती चिठ्ठी तिला द्यायचे. फळ्याकडे तोंड करून बोलतेस. 'ओके' फार वेळा म्हणतेस. जेवणानंतर आवाज पडतो. वडील शाळेत शिक्षक होते, ते आमच्या वह्या अशाच तपासायचे. ज्या ओळीखाली रेघ नाही ती ओळ उत्तम, हे आम्ही धरून चालायचो. प्रज्ञाही तसंच धरून चालत असेल, असं मी धरून चालले. ती चिठ्ठी वाचायची, घडी घालून पर्समध्ये ठेवायची. पुढच्या वेळी त्यातली एकही चूक व्हायची नाही. मग मी आणखी बारीक चुका शोधायचे. तिच्यावर मेहनत घेत होते मी. खरंच घेत होते.

एकदा चांदणी चौकात बस अडकली होती. तिने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "बाकी, मॅडम?"

"बाकी काय?"

"बाकी कसं झालं?"

"बाकी झालं की."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, ऊन लागतंय. मी पडदा ओढून घेतला.

त्याच आठवड्यातला तिचा एक वर्ग मला आठवतो. ब्रेडचे काप वगैरे तिने काढलेच नाहीत. सगळ्यांना दोघादोघांत बसवलं आणि म्हणाली, समोरच्याने गेल्या वर्षात केलेलं एक चांगलं काम पूर्ण एक मिनिट सांगा, आपापल्या मातृभाषेत. इंग्रजी नको. आधी नुसती खसखस पिकली. मग खोली हळूहळू गंभीर झाली. मराठी, तेलुगू, हिंदी, सगळं एकदम ऐकू येत होतं. बार्शीकडचा एक दांडगा टीम लीड होता, दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं त्याने. त्याचा जोडीदार बोलून थांबला तर हा मान खाली घालून म्हणाला, "मला आजपातूर आसं कुणी बोललंच न्हाई वो." प्रज्ञा त्याच्याजवळ गेली नाही, त्याला धीर दिला नाही. शांत उभी राहिली आणि त्याला त्याचा वेळ दिला. मी मागे बसून चष्मा पुसला. आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. ही माझ्या पुढे गेली आहे, हे मला त्या मिनिटाला दिसलं. आता फोन हिला येतील, हेही दिसलं. त्या दिवशीच्या चिठ्ठीत मी लिहिलं, वेळेचं भान ठेव.

मग ती बैठक. कंपनीला सगळ्या टीम लीडसाठी वर्षभराचा कार्यक्रम हवा होता. त्याची सगळी आखणी आणि जबाबदारी आमच्यापैकी एकीने घ्यायची होती. कंपनीच्या बाई दिल्लीकडच्या होत्या, नीटस, मुद्द्याचं बोलणाऱ्या. त्यांचे दोन सहकारी होते आणि आम्ही दोघी. बाईंनी प्रज्ञाकडे पाहून हसून मला इंग्रजीत विचारलं, "आमच्या लोकांना या फार आवडतात. यांनी कार्यक्रम चालवला तर? तुम्हाला काय वाटतं?"

असा प्रश्न आला की आमच्याकडे काय म्हणतात ते माझ्या तोंडात तयारच होतं. सून म्हणून पोर दुसऱ्या घरी देताना म्हणतात, मुलाला नोकरीला लावताना त्याच्या साहेबाला म्हणतात. पोर अजून लहान आहे, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. मी ते तसंच्या तसं इंग्रजीत बोलले. ती अजून तयार होतेय. चुका होतात. तुम्हाला सांभाळून घ्यावं लागेल.

आता बाईंनी म्हणायचं होतं, नाही हो, किती छान शिकवतात. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

प्रज्ञा माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिने पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मला तेव्हाच बोलता आलं असतं. 'अहो, तसं नाही, ही आमची बोलायची रीत आहे,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? लोकांना हेच तर शिकवायचे मी, की गैरसमज झाला तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. पण विषय पुढे गेला आणि मी जाऊ दिला. आठ दिवसांनी पत्र आलं. वर्षभराचा कार्यक्रम माझ्याकडे दिला होता.

बैठकीच्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती नेहमीसारखी माझ्या शेजारीच बसली होती. स्वारगेटला उतरताना म्हणाली, "येते, मॅडम." पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, पुढच्या महिन्यापासून मला जमणार नाही."

"बरं," मी म्हणाले.

मी का म्हणून विचारलं नाही. उत्तर माहीत असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. मग तिनेच फोन ठेवला.

मी तो कार्यक्रम वर्षभर केला. त्यानंतरही बरीच वर्षं बरीच कामं केली. आधीआधी स्वतःची समजूत घालायचे, की समोर पुण्याचा माणूस असता तर त्याला बरोबर कळलं असतं. दिल्लीच्या बाईंना आमच्या बोलण्याची खोच काय समजणार? हे समाधान मला बरेच दिवस पुरलं. एके दिवशी लकडी पुलावर सिग्नलला उभी असताना मनात आलं, प्रज्ञा कुठली होती? ती पुण्याचीच होती. तिचे आजोबा पुण्यात आलेले, तिचा जन्म इथला, दांडेकर पूल माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिलाही ते वाक्य दिल्लीच्या बाईंसारखंच ऐकू आलं. मी पुणं म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चार पेठा असतात. बाकीचं पुणं माझ्या शेजारी बसून रोज प्रवास करत होतं आणि मी त्याच्या चुका लिहीत होते.

हे कळायला बरीच वर्षं गेली. ते तिला सांगायला त्याहून जास्त गेली. शेवटची काही वर्षं संगणकाच्या पडद्यावर वर्ग घेतले. समोर माणसांऐवजी काळे चौकोन, चौकोनांवर नावं. ती नावं पाठ करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. गुडघे गेले, मग कामही सोडलं. तन्वी लिफ्टमध्ये भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी प्रज्ञाला फोन केला.

"बोला, मॅडम." माझा नंबर तिने ठेवला होता.

मी उन्हाबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले, पाण्याच्या टँकरबद्दलही बोलले. ती मधेमधे 'हो' म्हणत राहिली. शेवटी म्हणाले, "प्रज्ञा, त्या बैठकीत मी तुझ्याबद्दल बोलले ना..."

"हो."

"अगं, आमच्याकडे आपल्या माणसाबद्दल असंच बोलतात. मुलीसारखी मानत होते तुला, म्हणून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला असावा, मग म्हणाली, "आमच्याकडे आपल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत, मॅडम. बाबा पोस्टात आलेल्या कुणालाही सांगायचे, माझी मुलगी इंग्रजीत भाषण करते. मला लाज वाटायची. एकदा म्हटलं, बाबा, नका ना सांगत जाऊ. तर म्हणाले, आपल्याला कमी म्हणायला बाहेर पुष्कळ माणसं आहेत गं, ते काम घरच्यांनी कशाला करायचं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू, मॅडम?"

"विचार ना."

"तुम्हाला तेव्हा खरंच तसं वाटत होतं का? मी तयार नाही असं? माझी स्वतःची संस्था आहे आता, आठ जण काम करतात. तरी मोठी मीटिंग असली की ते वाक्य आठवतं. तुम्ही काही उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हता. तुम्हाला यातलं कळत होतं. म्हणून विचारते."

"नाही गं," मी म्हणाले. "तू तयार होतीस."

ती रडते आहे की काय, असं मला वाटलं. पण बोलली तेव्हा आवाज पूर्वीसारखाच स्वच्छ होता. "मग हे मला एकटीला फोनवर कशाला सांगता, मॅडम? ते तर चारचौघांत बोलला होतात." त्यात राग नव्हता. मग म्हणाली, "गुडघ्याचं नीट दाखवून घ्या. उन्हाचं बाहेर पडू नका," आणि फोन ठेवला.

त्या खोलीतली माणसं आता कुठून आणू? कंपनी दुसऱ्या कंपनीत मिळाली, बाई कधीच दिल्लीला परत गेल्या, ती इमारतही आता दुसऱ्या कुणाची आहे. मला सभासमारंभात कुणी बोलवत नाही. एका संपादकांनी तेवढं लिहायला सांगितलं होतं, स्वतंत्र व्यवसायाने आपल्याला काय शिकवलं, नेतृत्व, संवाद वगैरे. तरुणांना उमेद वाटेल असं लिहा म्हणाले. उमेद वाटेल असं माझ्याकडे फारसं काही निघालं नाही. पण मासिक चारचौघं वाचतात.

तर प्रज्ञा साळवे त्या दिवशी पूर्ण तयार होती. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवत होती. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि माहीत असूनच मी ते वाक्य बोलले.